सांगली ते ठाणे, लेकीला घेऊन नव्याच्या सणाला

कृष्णाकाठची | २६ सप्टेंबर २०२५

काल रात्री परत आले, आज सकाळपासून लिहू लिहू म्हणतेय. सोमवारी तुमची घटस्थापना होती ना, त्याच दिवशी संध्याकाळी आमचा पण सण लागला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. रोश हशाना म्हणजे आमचं नवीन वर्ष, ५७८६ सुरू झालं. आमच्या घरातली जुनी माणसं मात्र रोश हशाना म्हणत नाहीत, नव्याचा सण म्हणतात, आणि मला तेच आवडतं.

माहेर ठाण्याचं, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे सांगली. सहा वर्षं झाली. इथं आमच्या माहितीत आमचं एकच घर आहे, सिनेगॉग म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ नाही, प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात तेवढी माणसंच नाहीत, त्यामुळे शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाची मेणबत्ती घरात लावतो, दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे प्रार्थनेची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी आहे आणि बाकी सगळं मोठ्या सणाला ठाण्याला जाऊन. दरवर्षी तिघं जातो, यंदा नवऱ्याच्या बँकेत ऑडिट लागलं आणि रजा मिळाली नाही, म्हणून पहिल्यांदाच मी एकटी आठ वर्षांच्या लेकीला घेऊन निघाले.

आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे गाडीचं गणित तिथं अडतं. सोमवारी सकाळची कोयना धरली असती तर ठाण्यात पोचेपर्यंत दिवस मावळला असता, सणाच्या मेणबत्त्या लावून झालेल्या असत्या आणि आम्ही प्लॅटफॉर्मवर बॅगा ओढत असतो. म्हणून रविवारी रात्रीची महालक्ष्मी. तिकीट दोघींचं आरएसी, म्हणजे साइड लोअरवर दोघी अर्धी अर्धी. बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त. एका बरणीत गव्हाचं सत्त्व, एका पिशवीत तासगावचे काळे मनुके आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली आटपाडीची सहा डाळिंबं.

या सामानाचं सांगते कारण माझ्यासाठी हा सण म्हणजे निम्मा हे सामानच आहे. नव्याच्या सणाला आमच्याकडे गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. बाहेरच्या देशातले ज्यू सफरचंद मधात बुडवून खातात, ते आम्ही पण खातो, पण हलव्याशिवाय सण झाला असं आमच्या घरात कुणी म्हणणार नाही. माझी आई आता पंच्याहत्तरीची, तिला गहू तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं, वाटणं, पिळणं हे होत नाही. आणि इथं माझ्या शेजारच्या काकू दर एप्रिलमध्ये कुरडया करतात! पहिल्या वर्षी मी त्यांच्या गच्चीवर पातेल्यात तळाला बसलेला पांढराशुभ्र चीक बघितला आणि मला एकदम रडूच आलं, आईच्या स्वयंपाकघराचा वास, तोच तो जरा आंबूस. तेव्हापासून काकू कुरडयांच्या गव्हात दोन किलो गहू आमचे धरतात, आमच्या वाट्याचा चीक कापडावर वाळवून सत्त्व करून बरणीत भरून ठेवतात आणि सप्टेंबरमध्ये बरणी माझ्या हातात देतात. मनुके किद्दूशसाठी, म्हणजे सणाच्या जेवणाआधी पेल्यावर जी प्रार्थना म्हणतात त्यासाठी. आमच्याकडे पूर्वी द्राक्षाची वाईन कुठून मिळणार, म्हणून काळे मनुके भिजवून कुस्करून गाळून शरबत करायचे, ते अजून चालू आहे. आणि डाळिंबाचे दाणे, की त्यातल्या बियांएवढी आमच्या हातून चांगली कामं होवोत.

म्हणजे ठाण्याच्या टेबलावर सगळी सांगलीच मांडली जाते, हे मला लेकीला दाखवायचं होतं.

गाडीत समोरच्या खालच्या बर्थवर कवलापूरकडच्या एक मावशी होत्या, साठीच्या असतील. त्यांच्या मांडीवर पण एक पिशवी, खाली ठेवेचनात. लेकीने विचारलंच, काय आहे वो त्यात? तर शेतातली काळी माती. कल्याणला मुलगी फ्लॅटात राहते, तिथं घटाला माती कुठली मिळणार, म्हणून दरवर्षी अमावास्येच्या रात्री या माती आणि पेरायला धान्य घेऊन निघतात, सकाळी पोचलं की लेकीकडे घट बसतो. मग लेकीने आमची बरणी काढून दाखवली. मावशींनी झाकण उघडून चिमटीत घेऊन बघितलं, म्हणाल्या, "गव्हाचा चीक न्हवं ह्यो? तुमचा बी सण उद्याच व्हय?" आणि मग त्या दोघींचं जे सुरू झालं ते कराड येईपर्यंत. तुमच्यात देव कुठला, एकच हाय, मूर्ती न्हाई, मग नमस्कार कुणाला करता, असं सगळं. माझी लेक सांगत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून ऐकत होते, कारण शाळेत हे सगळं सांगायला ती लाजते, का लाजते ते खाली लिहिते.

साताऱ्याच्या अलीकडे मावशींनी पाय आखडून घेतले आणि "ये बाय, हितं टेक" म्हणून तिला आपल्या बर्थवर पायथ्याशी झोपवलं. उजाडता उजाडता कल्याण. मावशी उतरल्या, आम्ही पण तिथंच उतरून लोकलने ठाण्याला.

आता शाळेचं. चार दिवसांच्या रजेचा अर्ज दिला तर तिच्यासमोरच म्हणाले की हा कुठला सण, कॅलेंडरवर तर नाही, खोटी कारणं देऊ नका. त्या 'खोटी' शब्दाने ती दोन दिवस जेवली नाही धड. शाळेचं नाव मी घेणार नाही, पण पुढच्या वर्षीसाठी काय करावं हे कुणी सांगितलं तर बरं होईल. आणि दुसरा प्रश्न, सांगली, मिरज, सातारा, कराड इकडं आपल्यापैकी कुणी आहे का? नुसतं भेटायला.

ठाण्यात काय झालं ते नंतर लिहिते, भाजी टाकायचीय.

शेंगाचटणी | २६ सप्टेंबर

ताई धागा वाचून काय बोलावं कळेना. मी विश्रामबागचा, जन्म इथलाच आणि आपल्या सांगलीत एक ज्यू कुटुंब राहतंय हे आज कळालं. लेकीला सांगा तिच्या सणाच्या इथून शुभेच्छा. कसं म्हणतात ते पण सांगा.

कृष्णाकाठची | २६ सप्टेंबर

'शाना तोवा' म्हणतात, चांगलं वर्ष जावो. सांगते तिला नक्की.

तिथीवार | २६ सप्टेंबर

घटस्थापना आणि तुमचा सण एका दिवशी आला यात योगायोग कमी आणि चंद्र जास्त आहे, म्हणून लिहितो. ज्यू पंचांगाचा महिना पण अमावास्येनंतर नव्या चंद्राला सुरू होतो आणि सौर वर्षाशी जुळवायला त्यांच्यात पण अधिक महिना धरतात, १९ वर्षांत ७ वेळा. त्यांचा तिश्री महिना बहुतेक वर्षी आपल्या आश्विनाबरोबर चालतो. म्हणजे यंदा बघा, तिश्री १ आणि आश्विन शुद्ध १ जवळपास एकत्र, तिश्री १० म्हणजे त्यांचा मोठ्या उपासाचा दिवस योम किप्पूर २ ऑक्टोबरला आणि त्याच दिवशी दसरा, आणि तिश्री १५ चा मांडवाचा सण सुक्कोथ ६ तारखेला संध्याकाळी लागतोय, त्या रात्री कोजागरी. पुढच्या वर्षी मात्र जुळणार नाही, कारण आपल्याकडे २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि त्यांचा जास्तीचा महिना २०२७ च्या सुरुवातीला येतो, त्यामुळे तुमचा नव्याचा सण गणपतीच्या तोंडावर येईल, ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी. आरक्षण आत्तापासून डोक्यात ठेवा, गणपतीची गर्दी असणार.

पागोळी | २६ सप्टेंबर

मी प्राथमिक शाळेत शिकवते (सातारा जिल्हा). आधी तर त्या शब्दाबद्दल मलाच वाईट वाटलं, मुलासमोर असं बोलायला नको होतं. आता उपयोगाचं. ताई, तुमच्या सणांच्या तारखा वर वाचलं तशा आधीच ठरलेल्या असतात, तर जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात वर्षभराच्या सगळ्या सणांच्या तारखा लिहून एक अर्ज वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांना द्या, पोच घ्या. त्यात हे लिहा की महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय. ऐनवेळी आलेला कागद कुणी वाचत नाही, आधीचा कागद फाइलला लागतो. चाचणी बुडत असेल तर तेही आधीच विचारून ठेवायचं. आणि जमलं तर लेकीला म्हणा वर्गात तो हलवा घेऊन जा. माझ्या वर्गात आणला असता तर मी अख्खा तास त्याच्यावर घेतला असता.

पेणचा_पाहुणा | २६ सप्टेंबर

आमचं मूळ घर पेणचं, आता नोकरीमुळे कराडला असतो. आजोबा सांगायचे की आमच्या आळीच्या पलीकडे 'शनिवार तेली' राहायचे. तेलाचा घाणा चालवायचे पण शनिवारी घाणा बंद, कितीही गिऱ्हाईक आलं तरी बैलाला जू नाही. हे लोक कोण, कुठले, हे गावात कुणी विचारायचं नाही, शनिवार पाळणारे तेली एवढंच. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे, १८६३ चं. आजोबांच्या लहानपणी सणाला तिथून घरी गोड यायचं आणि आमच्याकडून दिवाळीचं जायचं. मग पन्नास-साठच्या दशकात एकेक घर इस्राएलला गेलं. आजोबा शेवटपर्यंत त्या घरांची नावं घ्यायचे, दारं बंद झाली म्हणायचे. तुमचा धागा त्यांनी वाचायला हवा होता.

ठाण्याची_मावशी | २६ सप्टेंबर

बाळा, मी आपल्यातलीच, ठाण्यातच राहते, कदाचित तुझ्या आईला ओळखतही असेन पण इथं विचारत नाही. मंगळवारी मी पण सिनेगॉगमध्ये होते, गर्दीत तुला बघितलं असेल.

जुनी नावं तू काढलीस म्हणून लिहिते, आताच्या पोरांना माहीत नाहीत. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, त्यानंतर तिश्रीच्या चौथ्या दिवशी खिरीचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम होळीच्या दिवसांत येतो म्हणून होळीचा सण. तिशा बआव म्हणजे बिरडियाचा रोजा, कारण उपास बिरड्याच्या भाजीने सोडायचा. आणि पेसाहला म्हणायचे अनशी धाकाचा सण, अनस म्हणजे आंबवायचं मडकं, त्या आठ दिवसांत घरात आंबलेलं काही चालत नाही म्हणून ते मडकं झाकून ठेवायचे. ही नावं आपल्या आज्यांनी ठेवली. हिब्रू येत नव्हतं पण शमा ही प्रार्थना पाठ होती, शब्बाथ पाळत होते, सुंता करत होते आणि स्वयंपाकघरातली नावं देऊन सण सांभाळले. म्हणून मला ती लेकरांना सांगावीशी वाटतात.

आणि एक, हलव्यात तूप घालू नकोस हं, नारळाच्या दुधातच.

कृष्णाकाठची | २६ सप्टेंबर, रात्री

मावशी, वाचून आईला फोन केला, ती म्हणते अनस तिच्या आजीच्या घरी होतं, चुलीच्या बाजूला. आणि हो, तूप नाहीच, सणाच्या जेवणात मटण असतं आणि मटणाबरोबर दूधतूप चालत नाही, म्हणूनच तर नारळ.

पागोळी, जूनचा अर्ज पक्का. हलव्याची कल्पना लेकीला सांगितली तर आधी नको म्हणाली, मग विचारते, किती वड्या लागतील?

आता ठाण्याचं सांगते. सोमवारी पोचल्या पोचल्या आईने बरणी उघडली आणि दहा वाजता आम्ही हलव्याला बसलो. सत्त्व पाण्यात कालवून, तीन नारळांचं दूध, साखर, चिमूटभर मीठ, आणि मग सतत ढवळायचं, हात थांबला की गुठळी. आई खुर्चीवर बसून सांगत होती, मी आणि लेक आळीपाळीने उलथनं धरत होतो, दोन तासांनी कडा सोडायला लागला, मग गुलाबी रंग, वेलची, ताटात थापून वर बदाम, पिस्ता, चारोळी. आईने कडेचा पहिला तुकडा चाखला आणि म्हणाली, "गहू चांगला होता ग यंदा." तो मी इथं येऊन काकूंना पोचवला, शब्दाला शब्द.

दुपारी तिकडच्या मामाला व्हिडिओ कॉल. मामा सत्तरच्या दशकात इस्राएलला गेला, तिथं अश्दोदला असतो. तिकडं आपल्यापेक्षा अडीच तास मागं, म्हणजे त्यांची अजून सकाळ, पण आमच्याकडे सूर्यास्तानंतर फोनला हात लावायचा नाही म्हणून आधीच. लेकीने ताट दाखवलं तर ऐंशी वर्षांचा माणूस म्हणतो, इकडं नारळाचं दूध डब्यातलं मिळतं, ते नारळ खवल्याचा आवाज ऐकव जरा. मग आई उरलेला अर्धा नारळ घेऊन विळीवर बसली आणि फोन तिथं धरला. दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

संध्याकाळी साडेसहाच्या आत मेणबत्त्या लावल्या. मनुक्यांच्या शरबतावर किद्दूश, मग डाळिंब, खजूर, चवळी, दुधी, बीट, एकेकावर बरखा, म्हणजे आशीर्वादाची छोटी प्रार्थना म्हणून.

आमचं सिनेगॉग शाआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं द्वार, १८७९ चं, टेंभी नाक्याजवळ. ठाणेकरांना माहितीय की नवरात्रात टेंभी नाका म्हणजे काय. बाहेर देवीचा मांडव, रोषणाई, ढोल, बायकांची रांग, आणि आत आम्ही शोफारची वाट बघत. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग, ते नव्याच्या सणाला शंभर वेळा फुंकतात, एक लांब सूर, मग तुटक तीन, मग नऊ बारीक, असं. मंगळवारी सकाळी पहिला सूर निघाला तेव्हा माझ्या कडेला उभी असलेली लेक हलली नाही, पापणी पण नाही. नंतर म्हणाली, "आई, हे आपल्याकडच्या जत्रेतल्या शिंगासारखं हाय, पण रडल्यागत."

तिचं हे 'हाय' आणि 'गत' ऐकून मामेभावंडं हसली. गावठी बोलतेस म्हणाले. ती गप्प झाली. तर आईने सगळ्या पोरांना बोलावलं आणि विचारलं की आपलं आडनाव काय? सगळ्यांच्या शेवटी 'कर'. हे 'कर' कुठून आलं? मग आईने नवगावचं सांगितलं, जे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात, अलिबागजवळ गलबत फुटलं, सात बाया आणि सात पुरुष तेवढे वाचले, बाकीच्यांना तिथंच पुरलं, आणि वाचलेले ज्या ज्या गावात राहिले त्या त्या गावाचे 'कर' झाले. म्हणाली, आपण गावठीच आहोत, गावाचं नाव लावून हिंडतो, ही पोरगी सांगलीत राहते तर सांगलीचं बोलणारच, उद्या हिचंच नाव सांगलीकर पडेल. लेकीला ते इतकं आवडलं की येताना गाडीत दोन अनोळखी माणसांना तिने स्वतःचं आडनाव सांगलीकर सांगितलं.

मंगळवारी दुपारी तश्लीखला खाडीवर चालत गेलो. वाहत्या पाण्याजवळ उभं राहून वर्षभरात जे चुकलं ते पाण्यात सोडायचं असतं, प्रार्थना म्हणायची. लेकीने विचारलं, हे आपण कृष्णेत का नाही करत, घाटावर? माझ्याकडे उत्तर नव्हतं. करता येतं की. सहा वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्यासाठी सण म्हणजे ठाणे एवढंच होतं.

नवा_सभासद_९ | २७ सप्टेंबर

लेख छान आहे. एक विचारू का, राग मानू नका. मामा गेले, एवढे लोक गेले, तुम्ही का नाही गेला इस्राएलला?

कृष्णाकाठची | २७ सप्टेंबर

राग कशाला, हा प्रश्न लग्नाआधी पण विचारायचे आणि आता पण विचारतात. जे गेले ते मनापासून गेले, रोज तीन वेळा जेरुशलेमचं नाव घेणारी माणसं आम्ही, ओढ आहेच. पण इथं आम्हाला कुणी कधी जा म्हटलं नाही. दोन हजार वर्षं म्हणतात, तेवढ्या काळात आमच्या लोकांना इथं धर्मासाठी त्रास झाला नाही, आणि हे जगातल्या फार थोड्या ठिकाणच्या ज्यूंना म्हणता येतं. माझे वडील जायला निघालेले, कागद पण झाले होते, आणि मग आजी म्हणाली की मला मराठी सोडून दुसऱ्या भाषेत मरायचं नाही. ते राहिले. मामाच्या घरी अश्दोदला अजून मराठीच बोलतात, तिकडं आपल्या लोकांचं मायबोली नावाचं मराठी नियतकालिक पण निघतं. गेलेले आणि राहिलेले यात मला फार अंतर वाटत नाही, फक्त नारळाच्या आवाजाएवढं.

रुळावरचा | २७ सप्टेंबर

परतीचं लिहा की. कोयनेने आलात का? महालक्ष्मीने रात्री या मार्गावरचं काही दिसत नाही आणि पोरांना तर हा मार्ग दिवसाच दाखवावा. पुण्याच्या पुढं शिंदवणे घाट, मग जेजुरी, नीरा, पुढं आदर्कीचा बोगदा. १९७१ पर्यंत मिरज पुणे हा सगळा मीटरगेज होता, वडील सांगायचे मुंबईला जायचं तर पुण्यात गाडी बदलावी लागायची, ट्रंका डोक्यावर घेऊन.

कृष्णाकाठची | २७ सप्टेंबर

हो, गुरुवारी कोयनेने. सण बुधवारी संध्याकाळी सुटला. गुरुवारी मला गदलियाचा उपास होता, पाणी पण नाही, सूर्यास्तापर्यंत. डब्यात निम्म्या बायका नवरात्राच्या उपासाच्या, पुण्यानंतर साबुदाणा खिचडीचे डबे उघडले आणि मला आग्रह सुरू. माझा पाण्याशिवायचा म्हटल्यावर जेजुरीला एक काकू उतरता उतरता लेकीच्या हातात दोन केळी देऊन गेल्या, आईला अंधार पडल्यावर दे म्हणून. लेकीने ती केळी पुढं मांडीवर धरून ठेवली, अगदी त्या मातीच्या पिशवीसारखी. घाट बघितला, बोगद्यात ओरडली, साताऱ्याला स्टेशन आणि शहर इतकं लांब का म्हणून विचारलं, आणि किर्लोस्करवाडी सोडली तेव्हा ऊन उतरलं होतं. सांगलीला उतरलो, बाहेर येईपर्यंत अंधार झाला. तिने आकाशात बघून तीन चांदण्या मोजल्या (तीन दिसल्या की उपास सुटतो; ढग होते, तिसरीला वेळ लागला) आणि मगच केळं सोलून दिलं.

साताऱ्याचा_पेढा | २८ सप्टेंबर

तुमच्यापैकी कुणी आहे का विचारलंत. सातारा शहरात मला कुणी माहीत नाही, पण कामासाठी पुण्यात असताना कॅम्पातल्या लाल देवळाशेजारून रोज जायचो. ती लाल विटांची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत मला कितीतरी वर्षं चर्चच वाटायची. ते सिनेगॉग आहे, १८६७ ला पूर्ण झालेलं, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, हे नंतर कळलं. ताई सांगलीहून पुणे जवळ, मग ठाण्यालाच का?

ठाण्याची_मावशी | २८ सप्टेंबर

पुण्यात रास्ता पेठेत पण आपलं आहे की, सुक्कथ शेलोमो, १९२१ चं, आपल्या बेने इस्राएल लोकांचं. पण तिची आई ठाण्यात आहे ना रे बाबा. सणाला माणूस आईकडे जातो.

कृष्णाकाठची | २९ सप्टेंबर

मावशींनी उत्तर दिलं.

आता एक अडचण पडलीय, ती इथंच विचारते. गुरुवारी २ तारखेला योम किप्पूर, दारफाळणी. परत ठाण्याला जाणं जमणार नाही, शाळा, आणि नवऱ्याचं ऑडिट अजून आहे. म्हणून यंदा पहिल्यांदा तो घरी, सांगलीत पाळायचं ठरवलंय. बुधवारी सूर्यास्तापासून गुरुवारी अंधार पडेपर्यंत पंचवीस तासांचा उपास, पांढरे कपडे, प्रार्थना, दार बंद. जुन्या काळी दारफाळणीला खरोखर दारं लावून घ्यायचे, बाहेरच्यांशी बोलायचे पण नाहीत. आणि तिथीवार यांनी लिहिलं तसं त्याच दिवशी दसरा! आमच्या बिल्डिंगमध्ये दसऱ्याला सकाळपासून पोरं सोनं घेऊन येतात, काकू तर सगळ्यात आधी आमच्याकडे येतात, सत्त्व करून देणाऱ्या काकू. त्यांना दार उघडायचं नाही म्हणजे कसं? आणि लेक म्हणते मी सोनं वाटायला जाणार, मला उपास नाही (खरंच नाही, मुलांना नसतो).

पेणचा_पाहुणा | २९ सप्टेंबर

शेजाऱ्यांना आधी सांगून टाका, एवढंच. आमच्या आजोबांच्या गावात सगळ्यांना माहीत असायचं की त्या दिवशी त्या आळीत हाक मारायची नाही.

ठाण्याची_मावशी | २९ सप्टेंबर

लेकीला जाऊ दे सोनं वाटायला, पांढरा फ्रॉक घालून जाऊ दे. तू दार लाव. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण असतो ना, तो भेटीगाठीचाच दिवस, गोरगरिबांना द्यायचं, एकमेकांकडे जायचं. तेव्हा तू सोनं घेऊन जा काकूंकडे, शिळं सोनं चालतं.

कृष्णाकाठची | ३० सप्टेंबर

काकूंना आज सांगितलं. गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. सगळं ऐकून घेतलं, दार का लावायचं, कधी उघडायचं, चांदण्यांचं पण सांगितलं. मग म्हणाल्या, "मग आम्ही दिवसा येतच नाही, आम्ही पण रात्रीच येतो, खालून पोरगीला विचारते तीन चांदण्या झाल्या का म्हणून." आणि उपास कशाने सोडता विचारलं. मी म्हटलं आधी काहीतरी गोड प्यायचं, मग जेवण. तर त्या दूध आटवायला निघाल्या होत्या, मी म्हटलं दूध नको, नंतर मटण आहे. दोन मिनिटं विचार करून म्हणाल्या, "बरं, मग नारळ आणून ठेवते दोन."

लेकीने वर्गात नेण्यासाठी वड्या मोजल्या, बेचाळीस लागतात. बरणीत सत्त्व तेवढं उरलं नाही, त्यामुळे ते एप्रिलनंतर. काकू म्हणतात यंदा चार किलो भिजवू.